ओठाआडचं शिसं

१

बाबा गेले त्याला चोवीस दिवस झाले होते. चोविसाव्या दिवशी त्यांच्यावर ठपका आला.

मी इस्पितळात गेले होते ती त्यांचं कपाट रिकामं करायला. दोन कापडी पिशव्या आणि मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती सोबत होत्या. माणूस गेला हे प्रत्येक खिडकीवर नव्यानं पटवून द्यावं लागतं, एवढं त्या दिवसांत शिकले होते.

किरणोपचार विभाग तळघरात आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी फिजिसिस्ट बाई उभ्या होत्या. कोणत्या रोग्याला किती किरण द्यायचे, किती खोल द्यायचे, याचं गणित त्या करतात. जिथं किरण पोचायला नकोत तिथं आड घालायच्या धातूच्या ढाली, म्हणजे शिल्ड, बाबा बनवायचे. एकतीस वर्षं. घरी ते बाईंना 'मिलिमीटर' म्हणायचे. "आज मिलिमीटर रागावली." "आज मिलिमीटरनं चहा पाजला." माझ्या डोळ्यांपुढे कायम एक बुटकी, टोकदार बाई असायची. प्रत्यक्षात त्या उंच होत्या, थोड्या वाकलेल्या, आणि बऱ्याच दिवसांत नीट झोपल्या नसाव्यात.

"कपाट नंतर," त्या म्हणाल्या. "आधी मोठ्या डॉक्टरांकडे चला. बाहेरून कानावर येण्यापेक्षा ते बरं."

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः उठून खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवल्या, मला बसवलं आणि एक फोटो पुढे सरकवला. कुणाचा तरी खालचा ओठ बोटानं उलटा धरला होता. आतली बाजू पांढरी पडून सोलवटली होती. मी ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करते. भिजलेलं पान लगद्याला येतं तसं ते दिसत होतं.

"बसस्थानकावर घोषणा करायचे हे गृहस्थ," डॉक्टर म्हणाले. "ओठाचा कॅन्सर. पंचवीस बैठका ठरल्या होत्या, सतराव्याला थांबवावं लागलं. ओठ बाहेरून लाल होणार, हे धरलेलंच असतं. आतून हे असं व्हायला नको होतं. ओठाच्या मागे, हिरडीच्या पुढे शिशाचं शिल्ड बसवत होते. तुमच्या वडिलांनी केलेलं."

"मग ते शिल्ड बघा."

"तेच सापडत नाही." त्यांनी बाबांची वही उघडली. अक्षर ओळखीचं होतं. "आणि इथं एवढंच आहे. 'खालचा ओठ. शिसं चार मिलिमीटर. लेप नेहमीप्रमाणे.' नेहमीप्रमाणे म्हणजे काय, हे विचारायला माणूस राहिला नाही."

मी वही माझ्याकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

"चौकशी समितीला बुधवारी अहवाल द्यायचाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, नुसता शीण होता. "शिल्ड सदोष होतं, बनवणारे हयात नाहीत, असं लिहिलं की प्रकरण मिटतं. कुणाची नोकरी जात नाही. एक प्रत मात्र घरी जाईल. तुमच्या आईच्या नावानं. नियम आहे तसा."

आई त्या दिवसांत टपालाचं एकेक पाकीट उघडून, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. दुसरं काही वाचत नव्हती.

"आज सोमवार," मी म्हणाले. "बुधवारपर्यंत मला इथं येऊ द्या."

"कशासाठी?"

"कपाट आवरायला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "आवरा," ते म्हणाले. "पण तिथं काही सापडलं, तर ते तुमच्या बाजूचं असेलच असं नाही."

२

बाहेर आल्यावर मी बाईंना विचारलं, "हिरडीचं काय झालं?"

त्या चालता चालता थांबल्या. "हिरडी शाबूत आहे. का?"

"शिल्ड हिरडीसाठीच होतं ना?"

"बापाची लेक," असं पुटपुटून त्यांनी मला बाहेरच्या बाकावर शेजारी बसवलं. "हे बघा. धातू निवडणं सोपं वाटतं, तसं नसतं. ॲल्युमिनियम घ्यावं तर इतकं हलकं, की किरणांतले हे इलेक्ट्रॉन अडवायला बोटभर जाड लागेल. टंगस्टन पातळ असलं तरी पुरतं, पण ते वाकत नाही, कापत नाही. ते तयार मापात येतं, आणि ओठ काही तयार मापात येत नाहीत. तिसरा मिश्रधातू, तुमचे वडील काम करायचे त्या मोल्ड रूममधल्या भांड्यात वितळवतात तो. यंत्राला लावायच्या चौकटी त्याच्या करतो आम्ही. पण त्यात कॅडमियम असतं, तोंडात कसा घालणार? राहिलं शिसं. मऊ, हातानं वळवावं तसं वळतं, आणि या रोग्याला साडेतीन मिलिमीटर पुरे होतं. तुमचे वडील चार घ्यायचे. जरा जास्त, म्हणजे मला शांत झोप लागते म्हणायचे."

"मग अडचण कुठं आली?"

"शिशाला एक खोड आहे. दगडी भिंतीवर चेंडू मारला की उलटा येतो ना, तसे काही इलेक्ट्रॉन त्याच्यावरून उलटे फिरतात आणि ओठाला आतून भाजतात. म्हणून ओठाच्या अंगानं शिशावर मेणाचा जाड थर द्यायचा. उलटे फिरलेले इलेक्ट्रॉन दमलेले असतात, ते मेणातच बसतात."

"म्हणजे शिसं पातळ असतं, तर हिरडी भाजली असती. शिसं बरोबर होतं. कमी पडलं ते मेण."

"हो. आणि मेण लावणारे तेच."

"तुम्ही बघितलं नव्हतं का?"

त्यांनी हाताची बोटं एकमेकांत अडकवली. "पहिल्या दिवशी कॅलिपर लावून मेणाची जाडी बघितली होती. सहा मिलिमीटर, मला चांगलं आठवतं. पण तक्त्यावर नुसतं 'तपासलं' लिहून सही केलीय मी. आकडा नाही. आता सहा होतं म्हटलं, तर मी माझी कातडी वाचवतेय असंच कुणीही म्हणेल. तुम्हीसुद्धा."

मी नाही म्हटलं नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या दाराकडे बोट केलं.

मोल्ड रूममध्ये बाबांची खुर्ची होती तिथंच होती. तिच्यावर एक बाई बसल्या होत्या, पन्नाशी उलटलेल्या, नीटनेटक्या, चष्म्याला दोरी. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतविभागात त्या अठ्ठावीस वर्षं कवळ्या बनवत होत्या. बाबा शुक्रवारी गेले आणि सोमवारी सकाळी यांना तात्पुरतं खाली पाठवलं. सगळे त्यांना कवळीवाल्या ताई म्हणत. मला बघून त्या इतक्या घाईनं उठल्या की खुर्ची मागे घसरली.

"बसा ना. तुमचीच जागा."

"नाही, तुम्ही बसा."

दोघीही उभ्या राहिलो. टेबलावर त्यांचं सामान मांडलेलं होतं: प्लास्टर, ब्रश, गुलाबी आणि पांढऱ्या भुकटीच्या बाटल्या, नाकात चढणाऱ्या वासाचं एक द्रावण. बाबांच्या बाजूला धातूचं भांडं मंद तापत होतं. त्याचा काटा पंच्याऐंशी अंशांवर होता. आत पाऱ्यासारखा पातळ धातू चमकत होता. लहानपणी बाबांनी या धातूचा एक चमचा साच्यात ओतून घरी आणला होता. कपभर कढत पाण्यात त्यांनी तो ढवळला आणि चमचा बुडापासून विरघळत गेला. मी रडले होते. त्यांना वाटलं होतं मी हसेन.

"ताई, ते ओठाचं शिल्ड. शोधलंत का सगळीकडे?"

"लिहून दिलंय मी, सापडलं नाही म्हणून." त्या थांबल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते, उगाच शोधत बसू नका. उपचार थांबला की तुकडे भांड्यात टाकायची रीतच आहे इथली. मीच टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत विरघळलं. तेव्हा कुणाला ठाऊक होतं एवढं रामायण होईल म्हणून. आता तेवढ्यावरून मला धरतील, म्हणून बोलले नाही. तुम्ही पण नका बोलू हं."

त्या इतक्या गयावया करून सांगत होत्या की मी मान डोलावली. कपाट उघडून पिशव्या भरायला घेतल्या. सदरा, रेडिओ, चपला. चपला पिशवीत टाकताना मी थबकले. ताईंनी आत्ता मला जे सांगितलं, ते होऊच शकत नव्हतं.

३

पण खोटं पकडलं म्हणजे खरं सापडलं असं नाही. मी गप्प राहिले.

मंगळवारी सकाळी यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला गाठलं. चाळिशीचा, भरल्या अंगाचा माणूस. रोग्याला टेबलावर झोपवताना तो सतत काहीतरी गुणगुणतो, म्हणून बाबांनी त्याचं नाव गवई ठेवलं होतं. दर पंधरा मिनिटांनी एक रोगी, त्यामुळे आमचं बोलणं तुकड्यातुकड्यानं झालं.

"ताई, तुमच्या बाबांनी मला बारसं न करता नाव दिलं," तो म्हणाला. "आता माझी बायकोसुद्धा गवई म्हणते."

"शिल्ड उलटं बसवलं गेलं असेल का? मेणाची बाजू हिरडीकडे?"

"छे. उलटं बसतच नाही ते. ओठाच्या वळणाला वळवलेलं असतं, आणि ओढून काढायला दोऱ्याचा फास बाहेरच्या अंगाला. शिवाय घोषणावाले काका स्वतःच बसवायचे, आरशात बघून. मी हात लावला की म्हणायचे, माझ्या फलाटावर तू येऊ नकोस."

"यंत्राची ताकद चुकून जास्त ठेवली गेली असेल?"

"मग मागची हिरडी, जबडा, सगळंच बोललं असतं. आणि प्रत्येक बैठकीचा कागद निघतो. बघा तुम्ही खुशाल."

मी बघितले. सतरा कागद, सतराही सारखे.

दोन रोगी झाले. तो पुन्हा बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "बाबा गेल्यावर ते शिल्ड बदललं होतं का?"

गुणगुणणं थांबलं.

"माझं काम शिल्डच्या पेटीवरचं रोग्याचं नाव बघायचं."

"नाव बघायचं आणि आत काय आहे ते बघायचं नाही?"

"ताई, तुम्ही पण ना." त्यानं मान खाजवली. "बघितलं मी. वेगळं दिसलं. विचारलं. 'पूर्ण केलंय' असं उत्तर आलं. मला वाटलं, बाबांचंच काहीतरी राहिलेलं असेल. बाहेर एकोणीस माणसं ताटकळत होती. कुणाला विचारलं आणि कोण म्हणालं, ते मी सांगणार नाही. ज्याच्या पोटावर पाय येईल त्यानं स्वतः सांगावं."

"मग मला कोण सांगेल?"

आतून घंटा वाजली. दार ढकलता ढकलता तो म्हणाला, "ज्यांच्या तोंडात होतं, त्यांना विचारा. आजवर त्यांना कुणी विचारलंच नाही."

४

घोषणावाले काका तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर होते. मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग स्वतःच्या तोंडाकडे बोट करून, ओठ न हलवता घशातल्या घशात म्हणाले, "सेवा... अनिश्चित काळासाठी... रद्द."

पुढचं ते वहीत लिहीत गेले. अक्षर मोठं, लांबून वाचता यावं असं.

'तुझे बाबा म्हणायचे, चला काका, मेणबत्ती तोंडात घ्या. वास मेणबत्तीचाच. जाड इतकी की ओठ मिटायचे नाहीत. पिसाळलेल्या घोड्यासारखा दिसायचो.'

"आणि चावलं की?"

'दात टेकले की खुणा उठायच्या. बाबा ओरडायचे, काका, खायचं नाही हे! खुणा बोटानं पुसून परत गुळगुळीत करायचे. सहा दिवस असंच.'

"सहाच दिवस?"

त्यांनी पान उलटलं. 'मग ते गेले ना. सोमवारी नवीन आलं. सडपातळ. वर काचेसारखं, आतलं शिसं दिसायचं. दात टेकले तर घसरायचे, खूण नाही. छान बसायचं. ओठ मिटायचे. तोंडात ठेवून मी मशीनवाल्याला फलाट क्रमांक तीनची घोषणा करून दाखवली. वाटलं, आपल्याला बढती मिळाली.'

ते हसले, आणि हसण्यानं ओठ ताणला जाऊन डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा पेला पुढे केला. नळी ओठाच्या कडेनं घालायची हे त्यांनीच मला दाखवलं.

"काका, हे तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेन उचललं, आणि एका दमात लिहिलं: 'सगळे येतात, आ करा म्हणतात. बोला असं कुणी म्हणत नाही.'

मी उठले तेव्हा त्यांनी हाताची खूण करून थांबवलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. 'ज्यानं केलं त्याला ओरडू नको. हात हलका होता.'

५

दुपारी मी फिजिसिस्ट बाईंना घेऊन मोल्ड रूममध्ये गेले. कवळीवाल्या ताई प्लास्टर कालवत होत्या. आम्ही दोघी एकदम आलेल्या बघून त्यांनी चमचा खाली ठेवला.

कोपऱ्यातल्या खोक्यात शिशाच्या पत्र्याचे तुकडे पडलेले असतात. त्यातला बोटाएवढा एक मी चिमट्यानं उचलला आणि भांड्यातल्या धातूत खाली दाबून धरला. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं झाल्यावर मी चिमटा वर काढला. तुकडा जसाच्या तसा होता.

"हे भांडं जेमतेम शंभर अंशांपर्यंत जातं," मी म्हणाले. "मिश्रधातू कपभर कढत पाण्यातही विरघळतो. शिशाला याच्या तिपटीहून जास्त लागतं. इथं ज्यानं चार महिने काम केलंय, त्याला हे ठाऊक असतं. बाईंना ठाऊक आहे, गवयाला ठाऊक आहे. शिसं डोळ्यांदेखत विरघळलं असं फक्त नवखं माणूसच सांगू शकतं."

ताईंचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता.

"म्हणजे शिल्ड आहे. आणि ते लपवण्यासारखं आहे. काकांच्या तोंडात सहा दिवस मेण होतं, त्यावर दातांच्या खुणा उठायच्या. सातव्या बैठकीपासून वर काचेसारखं टणक काहीतरी होतं. ते लावायचं सामान या टेबलावर तुमच्या आधी कधी नव्हतं." मी पांढऱ्या भुकटीच्या बाटलीकडे बघितलं. "मला एवढंच कळत नाही, का? तुमचं त्यांच्याशी काय वैर?"

"वैर?" ताई एकदम म्हणाल्या. "अहो, कसलं वैर! मी पूर्ण केलं ते!"

त्या खुर्चीवर बसल्या. दोरीला धरून चष्मा काढला.

"आमच्यात मेण म्हणजे कच्चं काम. मेणावर दात जुळवायचे, तोंडात लावून बघायचे, साचा करायचा. मग उकळतं पाणी ओतून सगळं मेण काढून टाकायचं आणि त्याच्या जागी पक्कं ॲक्रिलिक भरायचं. अठ्ठावीस वर्षं हेच करतेय मी. मेण कुणाच्या तोंडात राहू देत नाहीत, ते खालच्या दर्जाचं काम. सोमवारी पेटी उघडली, तर मेणातलं काम, त्यावर दातांच्या खुणा. वाटलं, बिचारे अर्धं टाकून गेले. वही बघितली. 'लेप नेहमीप्रमाणे.' अकरा वाजता रोगी यायचा होता. मी घाईघाईनं मेण उकळून काढलं आणि पक्कं केलं."

"किती जाड?" बाईंनी विचारलं.

"अर्धा मिलिमीटर. तोंडात जितकं पातळ, तितकं चांगलं ना."

बाईंनी डोळे मिटले. "ॲक्रिलिक चाललं असतं हो. सहा मिलिमीटर दिलं असतंत, तर अगदी मेणाइतकंच चाललं असतं. तो लेप सोयीसाठी नव्हता. तोच अर्धा उपचार होता."

"ते मला चौकशीच्या दिवशी कळलं. तुम्ही डॉक्टरांना मेणाचं सांगत होतात तेव्हा. मी दाराशी उभी होते." त्यांनी स्वतःच्या कपाटातून रुमालात बांधलेली पुरचुंडी आणली आणि टेबलावर ठेवली. "फेकून द्यायला दोनदा नदीवर गेले. टाकवलं नाही."

रुमालात ओठाच्या आकाराचं, वळणदार, चकचकीत शिल्ड होतं. काम सुंदर होतं, मी ते नाकारणार नाही. बाईंनी कॅलिपर लावून जाडी घेतली आणि या वेळी आकडा लिहिला.

"माझ्या कवळीनं आजवर कुणाला साधं खरचटलं नाही," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "वाटलं, तुमचे बाबा तर गेलेच. त्यांना आता काय फरक पडतो?"

"त्यांना नाही पडत," मी म्हणाले.

बाईंनी वही ओढून घेतली, मागची पानं चाळली. मीही वाकून बघत होते. दहा वर्षांपूर्वीचं पान, पंधरा वर्षांपूर्वीचं. टंगस्टन नेहमीचं. चौकट नेहमीच्या मापाची. लेप नेहमीप्रमाणे. प्रत्येक शिल्ड अचूक, आणि का ते एकाही पानावर नाही.

"मी दर वर्षी म्हणायचे, लिहून ठेवा," बाई म्हणाल्या. "ते म्हणायचे, मी आहे ना, विचारलं की सांगेन."

दोन दिवस मी त्यांच्या अंगाला चिखल लागू नये म्हणून जपत होते, आणि आता माझ्याच बोटाला तो होता.

६

बुधवारी डॉक्टरांनी नव्यानं लिहिलेला अहवाल वाचून दाखवला आणि मी शेजारी बसून ऐकला. शिल्ड मुळात योग्य धातूचं व योग्य जाडीचं होतं. लेप नंतर, प्रशिक्षण न दिलेल्या व्यक्तीनं, सद्हेतूनं बदलला. बदल तंत्रज्ञाच्या लक्षात आला, त्यानं वर कळवला नाही. पहिल्या दिवसाच्या तपासणीत आकडे नोंदवले नव्हते. पुन्हा तपासणी झाली नाही. ती शेवटची दोन वाक्यं बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिली होती.

"संपलं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या वडिलांवर आता काही नाही."

"एक ओळ राहिली."

"कोणती?"

"लेप किती आणि का, हे दिवंगत तंत्रज्ञांनी लिहून ठेवलं नव्हतं आणि कुणाला सांगितलंही नव्हतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, सगळं तुमच्या बाजूनं लागलंय. ही ओळ कुणी मागितलेली नाही."

"ती नसली तर पुढचा माणूसही लिहून ठेवणार नाही."

"आईंच्या नावानं जाणारी प्रत आहे ही."

"माहीत आहे."

त्यांनी पेन उचलून ओळ लिहिली. कवळीवाल्या ताईंना परत वर पाठवायचं असं ते म्हणत होते, पण बाईंनी त्यांना मागून घेतलं. हात चांगला आहे, म्हणाल्या, जाडी मी शिकवीन. मी निघाले तेव्हा मोल्ड रूममध्ये ताई नवं शिल्ड मेणात बुडवत होत्या, वर काढून थंड करत होत्या, पुन्हा बुडवत होत्या. दर वेळी बाई कॅलिपर लावत होत्या आणि ताई आकडा वहीत लिहीत होत्या.

पाकीट शनिवारी आलं. आईनं ते फोडलं, चष्मा शोधला, आणि मग न वाचताच माझ्याकडे दिलं.

"तूच वाच. आधी सांग, त्या माणसाचं काय?"

"जखम भरतेय. दोन आठवड्यांनी उरलेल्या आठ बैठका देतील. बोलता येईल त्यांना."

"बरं. वाच आता."

मी वाचलं, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. तिथं माझा आवाज जरा खाली गेला, पण मी ती ओळ गाळली नाही. आई टेबलावरच्या रिकाम्या पाकिटाची घडी घालत होती.

"हे शेवटचं कुणी लिहिलं?"

"मी लिहायला लावलं."

ती रागावेल असं मला वाटलं. तिनं पाकिटाची आणखी एक घडी घातली.

"बरोबर लिहिलंस," ती म्हणाली. "छातीत आठ दिवस दुखत होतं त्यांच्या. मला तरी कुठं सांगितलं होतं?"